गेणभाऊंच्या नावाचं रक्त

आळ्यात डॉक्टरांचे दोनच प्रकार मानले जातात: सुई मारणारे आणि सलाईन लावणारे. प्रतिभा रामदास कुऱ्हाडे एमडी झाली, त्यावर आणखी पाच वर्षं घालून पीएचडी झाली आणि या दोन्ही प्रकारांत बसली नाही. गावाने तिची वाट पाहिली होती. आळेफाट्यावर दवाखान्यासाठी गाळा बघून ठेवला होता; शटरला कुठला रंग द्यायचा तेही तिच्या वडिलांनी, रामदासभाऊंनी, ठरवलं होतं. पोरगी मात्र पुण्याच्या एका संशोधन संस्थेत लागली, आणि या भागात परत यायला लागली ती लोकांचं रक्त काढायला. रक्त काढायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि जायचं. ना गोळी, ना सुई, ना निदान लाल रंगाचं पातळ औषध.

रामदासभाऊंना लोक पारावर गाठत. "राव, एवढी शिकली पोरगी, अन् औषध द्यायचं शिकवलंच न्हाई व्हय तिला?" रामदासभाऊ सांगत की ती रोगाचं मूळ शोधते. लोक समजुतीने मान डोलवत. ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला मूळ शोधायला बसवतात, हा कचेऱ्यांचा अनुभव सगळ्यांच्याच गाठीला होता.

मूळ शोधण्याचं हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते ज्ञानेश्वर चुलत्यापायी. ती अकरावीत असताना चुलत्याच्या पोटात पाणी झालं. हातपाय काड्यांसारखे, डोळे पिवळे आणि पोट आठव्या महिन्याच्या बाईसारखं. चुलता माळकरी, उभ्या आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात न टाकलेला. तरी गावाने निदान केलं की चोरून पीत असणार. यकृत खराब होतं ते दारूनेच, आणि दारू दिसत नसेल तर ती चोरून. एवढं सोपं शास्त्र. चुलता गेला तेव्हा दहाव्याला जमलेल्यांनी त्याच्या कुणालाच न दिसलेल्या बाटल्यांची सविस्तर चर्चा केली आणि जेवून गेले.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी प्रतिभाला पुस्तकात खरं कारण भेटलं. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू रक्तातून शिरतो, यकृतात मुक्काम टाकतो आणि वीस-तीस वर्षं गप्प बसतो. तेवढ्या काळात माणूस शेत करतो, लग्न करतो, पोरं वाढवतो, आणि आत यकृत हळूहळू दगड होत जातं. चुलत्याच्या तरुणपणी बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर येत असे. हाताला गुण आहे असा त्याचा लौकिक होता. त्या हातात सुई एकच असे आणि ती दिवसभरात चाळीस जणांना टोचली जाई. गुण सगळ्यांना सारखा वाटला गेला.

पण सगळे चाळीस काही चुलत्यासारखे गेले नव्हते. विषाणू तोच, मग एकाचं यकृत दगड होतं आणि दुसरा ऐंशीव्या वर्षी डोंगर कसा चढतो? याचं उत्तर शोधायला प्रतिभाने आंबेगावच्या पश्चिमेकडची, डिंभ्याच्या धरणामागची उंबरखडक आणि आसपासच्या चार वाड्या निवडल्या. तीनशे बारा माणसांच्या रक्तात विषाणू सापडला. ज्यांना गरज होती त्यांना रोजची एक गोळी सरकारी दवाखान्यातून मिळेल अशी सोय लावली, आणि सगळ्यांचं रक्त दर वर्षी एकदा काढून बघायचं ठरलं. एकूण सहा वर्षं.

संमतीचा अर्ज अकरा पानांचा होता. साध्या माणसाला कळावा म्हणून पुण्यातल्या समितीने त्याच्या भाषेवर चार बैठका घेतल्या आणि शेवटी 'सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून' या वाक्यावर सर्वांचं एकमत झालं. उंबरखडकच्या गेणभाऊ लोहकऱ्यांनी ती अकरा पानं उलटसुलट करून बघितली आणि गावच्या आशाताईला, म्हणजे अंजना नावाच्या आरोग्यसेविकेला, एवढंच विचारलं की ही बाई कुठली. शेजारच्या जुन्नर तालुक्यातली, आळ्याची, असं कळल्यावर त्यांनी अंगठा दिला. चार बैठकांत न सुचलेला प्रश्न त्यांना एका मिनिटात सुचला होता. त्यांचा क्रमांक पडला एकशे सतरा.

पहिली चार वर्षं शिबिर माघात भरलं. भात झोडून घरात आलेलं, माणसं मोकळी, कोवळ्या उन्हात रांग लावून रक्त देऊन जात. प्रतिभा गेणभाऊंच्या पडवीत बसून कोरा चहा पिई आणि त्यांची बायको गोजरबाई तिला दर वर्षी नव्याने विचारी की एवढं रक्त नेऊन तुम्ही त्याचं करता काय. पाचव्या वर्षी संस्थेच्या संचालकांच्या लक्षात आलं की वार्षिक अहवाल सप्टेंबरात द्यायचा असतो, तेव्हा रक्त जुलैत काढलेलं बरं. प्रतिभाने कॅलेंडर बघितलं. जुलैत निवडणूक नव्हती, परीक्षा नव्हती, मोठा सण नव्हता. तारीख ठरली.

ती शेतकऱ्याची मुलगी होती, पण आळ्याच्या शेतकऱ्याची: कांदा, टोमॅटो, कालव्याचं पाणी. जुलै म्हणजे डोंगरात भाताची आवणी. रोपं उपटायची आणि चिखलात उभं राहून खाचरात लावायची, आणि तेवढ्या पंधरा दिवसांत एकेका हातासाठी घर अडून बसतं. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ध्रुवावर सहा महिने दिवस असतो हेही तिला ठाऊकच होतं.

तिने अंजनाला फोन करून बजावलं, "काही झालं तरी एकही घर सुटता कामा नये." एकही घर सुटलं नाही. भर आवणीत, धो धो पावसात, तीनशे बारापैकी तीनशे बारा. संचालकांनी हा आकडा परदेशी पाहुण्यांना दाखवला. तिकडे म्हणे दाराशी गाडी पाठवूनसुद्धा निम्मी माणसं येत नाहीत. सहाव्या वर्षीही जुलैच, आणि पुन्हा तीनशे बारा.

मग तो शोध लागला. अकरा माणसांच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला होता. पाचव्या वर्षी नव्हता आणि सहाव्याही वर्षी नव्हता. हा विषाणू आपण होऊन सहसा जात नाही. शंभरात एखाद्याचा जातो, तोही नशिबाने. इथे एका दमात अकरा, आणि बहुतेक साठीच्या पुढचे. प्रतिभाला आधी पटेना. तिने यंत्र तपासलं, रसायनं तपासली, पेटीतलं बर्फ किती तास टिकतं तेही घड्याळ लावून तपासलं. माणसं तेवढी तपासायची राहिली, कारण ती पुण्यात नव्हती.

नियम असा होता की ओळीने दोन वर्षं रक्त साफ निघालं तर गोळी थांबवायची. अकरांपैकी चौघं गोळीवर होती, त्यांत गेणभाऊ. ऑक्टोबरातल्या एका दुपारी प्रतिभाने एका बैठकीत अकरा पत्रांवर सह्या केल्या. गोळीवाल्या चौघांच्या पत्रात एक ओळ जास्त होती: 'आपण गोळी बंद करावी.' अंजनाने पत्रं घरोघर पोचवली.

त्यानंतरचे महिने आनंदाचे गेले. परदेशातल्या एका मोठ्या मासिकाने निबंध स्वीकारला. अट एकच: या अकरा जणांच्या जनुकांत काही खास आहे का ते तपासून कळवा, म्हणजे छापतो. संचालकांनी पत्रकार परिषदेची तयारी सुरू केली आणि जिथे जिथे 'डॉ. कुऱ्हाडे' होतं तिथे 'आम्ही' घालून भाषण सुटसुटीत केलं. विभागप्रमुखाची रिकामी खुर्ची प्रतिभाला मिळणार हे संस्थेच्या चहावाल्यालाही कळलं. आळ्यात तर काविळीवर औषध सापडल्याचीच बातमी पसरली. तरुण मंडळाने सत्कार ठेवला आणि फ्लेक्स छापून आणला; त्यावर कोपऱ्यात प्रतिभा आणि उरलेल्या जागेत सतरा शुभेच्छुक. रामदासभाऊंना इतक्या वर्षांनी पारावर द्यायला उत्तर मिळालं होतं. ते रोज न चुकता जाऊन बसू लागले.

जनुकांचा अहवाल जुलैतल्या एका सोमवारी सकाळी आला. प्रयोगशाळेने फार अदबीने लिहिलं होतं. अकरापैकी सात नमुने नोंदीशी जुळत नाहीत. उदाहरणार्थ क्रमांक एकशे सतरा: नोंदीनुसार पुरुष, वय त्रेसष्ट. नमुना स्त्रीचा आहे.

प्रतिभाने कागद संचालकांपुढे ठेवला. त्यांनी उठून दार लावलं. प्रयोगशाळेतली पोरं चिकटपट्ट्यांचा घोळ घालतात, असं ते प्रथम म्हणाले. सातही ठिकाणी कसा घातला, यावर त्यांनी थोडा विचार केला आणि सुचवलं की हे सात वगळावेत. चार उरतात. चार काही फार नव्हेत, पण चार म्हणजे शून्यही नव्हे.

"सत्य टप्प्याटप्प्याने सांगायचं असतं, मॅडम," ते म्हणाले. "आधी छापून येऊ द्या. दुरुस्ती काय, पुढच्या अंकात पाठवता येते."

प्रतिभाचं तिकडे लक्ष नव्हतं. एकशे सतराच्या नळीत बाईचं रक्त असेल, तर गेणभाऊंच्या अंगात काय आहे ते गेली तीन वर्षं कुणीच बघितलेलं नव्हतं. आणि ऑक्टोबरापासून हा माणूस गोळीवाचून होता, तिच्या सहीने. गोळी अशी एकदम सुटली की दबलेला विषाणू उसळून येतो आणि उरलंसुरलं यकृत महिन्यांत संपवतो, हे तिनेच दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. तिने गाडी मागवली.

मंचर, घोडेगाव, डिंभे. उंबरखडकला पोचली तेव्हा गाव गावात नव्हतं, सगळं खाचरात होतं. अंजना आशाताई असली तरी तिलाही चार खाचरं होती. ती पाठीवरचं इरलं सावरत, पिंढऱ्यांपर्यंत चिखल घेऊन बांधावर आली. तिला वाटलं, या वर्षीचं शिबिर न सांगता आलं.

प्रतिभाने विचारलं, "अंजनाताई, गेल्या जुलैत गेणभाऊंचं रक्त कोणी दिलं?"

"भागूनं. त्यांची सून."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"तवाबी तिनंच. तिचं पोर अंगावर पीत व्हतं ना, मग ती आवणीला नव्हती, घरीच व्हती. गोजरबाईचं मन न्हवतं, ताई. ती म्हणं, सून दुसऱ्या घरची, तिचं रक्त आपलं कसं धरतील, पोराचंच द्या. पन पोरगा चिखलणीला, बैल सोडून येतंय कोन?"

"अहो, मग हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

अंजनाला खरोखरच प्रश्न कळला नाही. "तुमी म्हणला व्हता, एकबी घर सुटता कामा नये," ती म्हणाली. "सुटलं का?"

या डोंगरात पडकई नावाची रीत आहे. उतारावर नवं खाचर पाडायचं, बांध घालायचा, तर ते एका घराच्या आवाक्यातलं काम नव्हे. म्हणून सगळी घरं मिळून आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे राबतात. घरटी एक माणूस. कोणता माणूस, हे कुणी विचारत नाही. बाप तापाने पडला तर लेक येतो, लेक गावाला गेला तर सून येते. जो येईल त्याने घराची पाळी भरली. उद्या त्याच्या खाचरावर बाकीचे येतात तेही असेच. या हिशेबाने गावं उभी राहिली, डोंगराला पायऱ्या पडल्या, आणि आजवर कुणी कुणाला फसवल्याचं ऐकिवात नाही.

पुण्याच्या लोकांनी तर त्यांचं काम आणखी सोपं केलं होतं. यादीचा पहिला रकाना घर क्रमांकाचा. हाक मारायची ती घर क्रमांकाने. ओळख पटवायला आधार कार्ड मागायचे, ते भागूने आणलं होतं, सासऱ्याचंच. आधारवरचा फोटो कुणाचाही वाटू शकतो यावर देशात कुठेच दुमत नाही, तेव्हा टेबलावरच्या मुलाने तो बघून खूण केली.

अंजनाने तिथेच बांधावर उभं राहून, बोटं मोजत, सगळी यादी सांगितली. नऊ घरांनी दुसरं माणूस धाडलं होतं, दोन्ही साली तेच, कारण तेच घरात रिकामं होतं. सात ठिकाणी पुरुषाऐवजी बाई किंवा बाईऐवजी पुरुष. दोन ठिकाणी बापाऐवजी लेक. बाकीची तीनशे तीन माणसं आवणी सोडून, भिजत, चिखल तुडवत स्वतः आली होती. हे कुठल्याच अहवालात नव्हतं.

गेणभाऊ पडवीत बसले होते. आवणीच्या दिवसांत, उजेडी, कोरड्या अंगाने. तेवढ्यावरूनच प्रतिभाला काय ते कळलं. पोट तट्ट फुगलेलं, डोळ्यांत हळद. पुण्याच्या पत्राला प्लॅस्टिकचं कव्हर घालून ते भिंतीवर लावलं होतं. गोजरबाईने चहा टाकला आणि तक्रार सुरू केली: गोळी बंद झाली तेव्हापासून म्हाताऱ्याने अंग धरलंय, सगळे म्हणतात चांगला सुधारला, पण आता पार आळशी झाला, चार पावलं टाकली की बसतो. वाताची पुडी आणलीय बाजारातनं. प्रतिभाने गेणभाऊंच्या नडगीवर अंगठा दाबला. काढला तरी खळगा तसाच राहिला.

संमतीच्या अर्जात सातव्या पानावर एक कलम होतं. नमुना स्वतःचाच असल्याची जबाबदारी सहभागी व्यक्तीची राहील. संस्थेच्या वकिलांनी ते फार दूरदृष्टीने घातलं होतं. प्रतिभाला ते शब्दशः पाठ होतं.

"गेणभाऊ, ते पत्र चुकीचं आहे," ती म्हणाली. "ते रक्त भागूचं होतं. तुमचा विषाणू गेलेला नाही. मी येऊन तुम्हाला बघायला हवं होतं. न बघता सही केली."

गेणभाऊंनी भिंतीवरच्या पत्राकडे बघितलं. मग विचारलं, "म्हंजी भागूला काय न्हाई?"

"तिला नाही."

"अन् तिच्या पोराला?"

"तपासू. पण आईला नाही म्हणजे त्यालाही नसणार."

"मंग बरं झालं की."

गोजरबाईने चहाचं भांडं खाली आदळलं. "काय बरं झालं? नऊ म्हैने ह्या माणसानं गोळी न्हाई खाल्ली. रोज सकाळी खात व्हता, मी हातावर देत व्हते. तुमचा कागद आला अन् मी डबी उचलून फेकली. रक्त न्यायला सालोसाल याया जमतंय, अन् माणूस बघाया जमत न्हाई?"

याला सातव्या पानावर उत्तर होतं. प्रतिभाने ते दिलं नाही.

गेणभाऊ पुण्याला यायला तयार होते, पण आवणी आटपल्यावर. चार खाचरं राहिली होती. गोजरबाई म्हणाली, "तू काय लावणार हायेस? पंधरा दिस झालं पडवी सोडली न्हाई." यावर त्यांनी टोपी घातली. गाडीत बसताना ते भागूला, रोपं कोणत्या खाचरातली आधी काढायची, ते दोनदा सांगून गेले.

पुण्याच्या रुग्णालयात त्यांच्या पोटातून साडेसात लिटर पाणी काढलं. गोळी त्याच दिवशी सुरू झाली. पुढचे चार दिवस प्रतिभा उरलेल्या दहा घरी स्वतः गेली, ज्याचं नाव त्याच्याच दंडाला पट्टी बांधून रक्त काढलं, पोट चाचपलं, डोळे बघितले. अंजनाची बोटं अचूक निघाली. अकरापैकी नऊ अदलाबदल. गोळी सोडलेल्या चौघांत तिघांची फुकट सुटली होती. गेणभाऊंशिवायची दोघं वेळेवर हाती लागली. दोन माणसांचा विषाणू मात्र खरोखरच आपण होऊन गेला होता. शंभरात एखाद्याचा जातो हे पुस्तकात आधीच छापलेलं होतं, त्यामुळे त्यासाठी सहा वर्षं घालवायची गरज नव्हती.

निबंध मागे घेण्याचं पत्र तिने तीन वाक्यांत लिहिलं. सहभागी व्यक्तींची ओळख आम्ही पटवली नाही. निष्कर्ष चुकीचा आहे. आमच्या पत्रामुळे तीन रुग्णांचं औषध बंद झालं. संचालकांनी तिसरं वाक्य खोडून, पहिल्या दोहोंच्या जागी 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहिलं. तिने तिन्ही वाक्यं परत घातली आणि पत्र आपल्या हाताने पाठवलं. पत्रकार परिषद झाली नाही. विभागप्रमुखाची खुर्ची उंदरांवर काम करणाऱ्या एका गृहस्थांना मिळाली. उंदीर आपल्याऐवजी सुनेला पाठवत नाहीत, हा त्या कामाचा मोठाच फायदा आहे.

आळ्याचा सत्कार मात्र झाला. फ्लेक्स छापला होता, सतरा शुभेच्छुकांपैकी एकानेही माघार घेतली नाही. प्रतिभाने नको म्हणून सांगून बघितलं. मंडळाच्या अध्यक्षांनी शोध खोटा निघाला हे ऐकून तिचं सांत्वन केलं आणि नारळ तयार असल्याचं कळवलं. शेवटी ती गेली आणि माईकवर दोन गोष्टी सांगितल्या. काविळीवर विजय वगैरे काही झालेलं नाही, चूक माझी होती. आणि ज्ञानेश्वर कुऱ्हाडे दारू पीत नव्हते. त्यांना त्या एका सुईतून विषाणू मिळाला. पहिल्या गोष्टीला टाळ्या पडल्या. दुसरी संपताच अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. रामदासभाऊ दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुढच्या वक्त्याकडे बघत राहिले.

गेणभाऊ तीन आठवड्यांनी घरी गेले. पोट उतरलं होतं; यकृताचा जो भाग दगड झाला होता तो झाला होता. भाद्रपदात प्रतिभा उंबरखडकला गेली, एकटीच. भात हिरवंगार, गुडघाभर वाढलेलं. गेणभाऊ बांधावर काठी टेकून उभे होते आणि दुसऱ्याच्या खाचरात पाणी कसं चुकीचं सोडलंय ते मोठ्याने सांगत होते, म्हणजे तब्येत बरी होती. भिंतीवरचं पत्र गोजरबाईने काढून टाकलं होतं. तिने चहा दिला आणि ती आत निघून गेली.

गेणभाऊंनी विचारलं, "नोकरी गेली का?"

"नाही. मोठी जागा मिळणार होती, ती गेली."

"अन् आमचं रक्ताचं काम?"

"सुरू करता येईल. संस्था म्हणते नको. पण तुम्ही सगळे तयार असाल तर मी परत अर्ज करीन."

"तयार न्हाई कोन म्हणतंय? पन आवणीत याचं न्हाई. शाळेतली पोरंबी सांगतील तुमाला, पुण्यात कसं म्हायीत नसतं? दिवाळी झाली, भात कापून झोडून झालं, मंग या. ज्याचं नाव त्योच गावंल. अन् घराच्या नंबरानं हाक मारू नका. माणसाच्या नावानं मारा."

समितीने चार बैठका घेतल्या त्या वेळी या माणसाला बोलवायला हवं होतं, असं प्रतिभाच्या मनात आलं. तिने डायरी काढून लिहून घेतलं: माघ. नावाने.

"माघापर्यंत गोळी एक दिवस चुकवायची नाही," ती म्हणाली. "आणि त्या वेळी तुम्ही इथे हवे."

"मी हाय का न्हाई ते तुमच्या गोळीला इचारा," गेणभाऊ म्हणाले.

आतून गोजरबाई आली. तिने त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली, पाण्याचा तांब्या दिला, आणि ती गिळून होईपर्यंत प्रतिभाकडे रोखून बघत उभी राहिली.